जमरूतचं खानदान

"घोड्याला हरभरा अन् घरच्याला टरफलं," असं म्हणून वच्छलाकाकूंनी भिजवलेल्या हरभऱ्याची बादली अंगणात आदळली. मी समोरच माझी पिकअप धूत होतो. आमच्या दोन घरांच्या मध्ये फक्त गल्ली आहे, त्यामुळे त्यांच्याकडचं भांडण बघायला मला उठून जावं लागत नाही.

काकूंचे मालक, आप्पाराव, खरारा घेऊन घोड्याची पाठ घासत होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"आवं, मी तुमाला बोलायलेय," काकू म्हणाल्या. "आज पंकजा यायलीय. लेकीला पुरणाचं जेवू घालावं म्हणलं तर डब्यात डाळ न्हाई. अन् ह्याच्यापुढं रोज बादली."

"त्याचा खापरपणजा बसऱ्याहून जहाजात बसून आल्ता," आप्पा म्हणाले. "तुझा अन् माझा बैलगाडीत बसून आला. फरक राहणारच की."

असलं बोलणं ऐकलं की माझं डोकं फिरतं. पण आप्पा माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. त्यांना तोंडावर बोलता येत नाही, म्हणून मी गाडीची काच जोरात घासतो.

त्या खापरपणजाचं नाव जमरूत. आमचं गाव पोखर्णीच्या अलीकडं, आडरस्त्याला. निजामाच्या राजवटीत इथं एक जहागीरदार होता आणि आप्पांचा आजा त्याच्या पागेत मोतद्दार होता, म्हणजे घोड्यांचं दाणापाणी आणि चाकरी करायचा. जहागीरदारानं हौसेनं मुंबईच्या बंदरावरून एक अस्सल अरबी घोडा आणवला. पांढराशुभ्र, बारीक कानांचा, शेपटी उचलून चालणारा. पुढं पोलीस ॲक्शन झाली, जहागीरदार हैदराबादेकडं निघून गेला आणि घोडा मागं राहिला. आजानं तो आपल्या दारात आणून बांधला. तेव्हापासून त्या दारात दर पिढीला एक उमदा नर ठेवायचा आणि त्याला गावोगावच्या घोड्या लावायच्या, अशी रीत पडली. जमरूतचा तुफान, तुफानचा बादशहा, बादशहाचा रुस्तम आणि रुस्तमचा हा सुलतान. विजेच्या मीटरचा आकडा घ्यायला आलेल्या माणसालासुद्धा आप्पा हे सगळं ऐकवल्याशिवाय सोडत नसत. आणि शेवटी छाती काढून म्हणत, "घोडी आमच्या दारात येती. आमचा घोडा कुणाच्या दारात जात न्हाई."

आता मात्र दारात कुणीच येत नव्हतं. लोकांना लग्नात नाचवायला उंचीपुरी, कानांची टोकं एकमेकांना भिडलेली मारवाडी घोडी लागते. आपला अरबी वाणाचा बुटका घोडा कोण विचारतो? सुलतानाचा एकुलता एक नर मागच्या पावसाळ्यात पोटशूळ उठून गेला. सुलतान स्वतः विशी ओलांडलेला, मागचा डावा पाय धरून चालणारा. तो गेला की पाऊणशे वर्षांचं सगळं बुडणार होतं. आप्पांना जेवण गोड लागत नव्हतं ते त्यामुळंच, आणि त्यांचा सगळा त्रागा निघायचा तो काकूंवर आणि कधीकधी माझ्यावर.

पंकजा दुपारी आली. ती परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकून गुरांची डॉक्टर झाली आहे आणि जिंतूरकडं एका दवाखान्यात नोकरीला आहे. जेवायला मलाही हाक आली. ताटात पुरण नव्हतं, शेंगदाण्याची पोळी होती. आप्पांनी नेहमीप्रमाणं घोड्याचं रडगाणं सुरू केलं तेव्हा ती म्हणाली, "आप्पा, सुलतानात जमरूतचं रक्त किती हाय?"

"किती म्हंजे? सगळं."

"सुलतानाची माय कोण?"

"असंल कुणाची तरी घोडी. गंगाखेडकडची होती वाटतं."

"अन् रुस्तमची?"

"आता ते कोण ध्यानात ठेवतंय, पोरी."

"तिथंच घोळ हाय. जमरूत सोळा आणे धरा. तुफानात निम्मं मायचं आलं, जमरूतचे राहिले आठ. बादशहात चार, रुस्तमात दोन. सुलतानात एक आणा हाय, आप्पा. बाकीचे पंधरा आणे तुमच्या ध्यानात नसलेल्या घोड्यांचे."

आप्पांचा घास हातातच राहिला. मला हसू आलं, ते मी पाण्याच्या तांब्यात दडवलं.

"पण नाव तर जमरूतचंच चालतंय ना," ते म्हणाले.

"नाव चालतंय. रक्त गेलं दुसरीकडं. तुमच्या दारात मादी शिंगरं झाली ती कुठं गेली?"

"दिली असतील. मादी कोण ठेवतंय घरात? परक्याचीच ती."

"त्यातली एखादी फिरून फिरून तुमच्याच घोड्याकडं आली असंल, तिच्या लेकी आल्या असतील, तर तिच्या पोटी जमरूत जास्त टिकला असंल. तसली घोडी सापडली तर सुलतानाला लावा. न्हाईतर सोडून द्या नाद."

आप्पा डोकं खाजवत बसले. नरांची नावं झोपेत विचारली तरी सांगतील, पण एकाही मादीचं काय झालं ते त्यांना आठवेना. मग चुलीपाशी बसलेल्या काकू पोळी उलटता उलटता बोलायला लागल्या.

"एक ताडकळसच्या बाजारात घालवली, आदिनाथ पोटात होता तव्हा." आदिनाथ म्हणजे त्यांचा थोरला. तो पुण्याला कंपनीत असतो आणि घोड्याचं नाव निघालं की फोन ठेवतो. "एक तुमच्या आत्याला आंदण दिली, ती मेली म्हणं तिकडं. अन् सगळ्यात पहिली, जमरूतची सोताची, ती तुमच्या आजानं येलदरीकडच्या धनगराला दिली, एका घोंगड्यावर. माझी सासू सांगायची. तेच धनगर दरसाल खळी उरकली की आपल्या शिवारात मेंढ्या बसवायला यायचे अन् त्या घोडीच्या लेकी-नाती आपल्याच घोड्याला लावून न्यायचे. केशरबाई नव्हं का? तिलाच तुमी माघारी लावलं."

ती गोष्ट गावात सगळ्यांना माहीत आहे. दहाएक वर्षांपूर्वी केशरबाई आपली तांबडी घोडी घेऊन आप्पांच्या दारात आली होती. त्या घोडीच्या डोळ्याखाली केसांचा भोवरा होता. त्याला आसूढाळ म्हणतात, आणि असली घोडी ज्याच्या दारात येते त्याच्या डोळ्याचं पाणी खळत नाही, अशी आमच्याकडं समजूत आहे. आप्पांनी चार लोकांत तिला सांगितलं, की असली अवलक्षणी घोडी माझ्या घोड्याजवळ आणू नको, तुझ्या मेंढ्यांत ठेव. केशरबाईनं घोडीच्या गळ्यात हात घातला, मागं फिरली आणि निघून गेली. त्या सालापासून त्यांचा कळप आमच्या शिवारात आलेला नाही. मेंढ्यांच्या लेंड्यांवर माझं रान कसं काळंभोर पिकायचं ते मी कुणाला सांगू? आप्पांच्या घोड्याच्या तोऱ्यापायी माझं खत बुडालं.

पण शेजार म्हटला की गाडी माझीच. आधी आम्ही ताडकळसला गेलो. बाजाराच्या गर्दीत अर्धा दिवस चौकशी केली. ज्यानं घोडी घेतली तो माणूस वारला होता, आणि त्याचा नातू म्हणाला, "घोडी होती खरी. बाबानं मोटारसायकल घ्यायला इकली." पुढं कुणाला विकली ते त्याला माहीत नव्हतं. परत येताना आप्पा सगळ्या मोटारसायकलवाल्यांना शिव्या देत होते आणि गाडीचं डिझेल मी घातलं होतं.

मग येलदरीला. वैशाखाचं ऊन असं होतं की स्टेअरिंग धरवत नव्हतं. धरणाचं पाणी मागं सरकलेलं, उघड्या पडलेल्या गाळावर हिरवं गवत आणि त्यात मेंढ्या पसरलेल्या. कडेला पालं टाकली होती. पंकजा दवाखान्यातून स्कुटीवर येऊन आमच्या आधीच तिथं पोचली होती.

तांबडी एका बाभळीखाली बांधलेली होती. वय झालेलं, पाठीवर बिऱ्हाड लादून लादून केस गेलेले. पण आमची गाडी थांबली तशी तिनं मान उचलली. कपाळाखाली नाकाचं हाड आत वळलेलं, नाकपुड्या फुललेल्या, डोळे मोठे आणि काळे, आणि शेपटी पार वर. आप्पा गाडीतून उतरले ते सरळ तिच्यापाशी गेले.

"आजा असंच सांगायचा," ते म्हणाले. "हेच तोंड सांगायचा."

पंकजानं घोडी तपासली, दात बघितले. तांबडी रुस्तमचीच होती, म्हणजे सुलतानाची सावत्र बहीण. पण वाण राखायचा तर असं नातं चालतं, असं ती म्हणाली. "अजून भरंल ही. पण उशीर करू नका."

केशरबाई पालातून बाहेर आली. डोक्यावर पदर, हातात मेंढीचं कोकरू. तिनं आप्पांना ओळखलं, पण बसा म्हणाली नाही.

"केशरबाई," आप्पा म्हणाले, "घोडी आणा तेवढी आमच्याकडं. सुलतानाला लावू. एक पैसा घेणार न्हाई."

"मी आल्ते की एकदा."

"मागचं कामून काढायलाव आता?"

"मागं न्हाई ते. तुमी माघारी लावलं तव्हा माझी घोडी लय रडली न्हाई, आप्पा, पण मी रडले. भोवरा तिच्या तोंडावर होता अन् पाणी माझ्या डोळ्याला लागलं. घोडी येणार न्हाई तुमच्या दारात. तुमचा घोडा आणा हितं."

"आमचा घोडा कुणाच्या दारात जात न्हाई."

"मला दार कुठं हाय? पाल हाय. पालापुढं आणा."

आप्पा ताडकन वळले आणि गाडीत येऊन बसले. परभणी ओलांडल्यावर म्हणाले, "धनगराच्या पालापुढं घोडा नेऊ? आजा काय म्हणंल मला?"

मी गाडी बाजूला घेतली. "आप्पा, तुमचा आजा गेला. सुलतानबी जाईल. मग म्हणायला कोण उरणार हाय?" असं मी बोललो. माझ्या आवाजाला धार आली असावी, कारण ते म्हणाले, "तू गाडी चालव, परमेश्वर. तुला खानदानातलं कळत न्हाई." मला इतका राग आला की उतरून चालत जावंसं वाटलं, पण गाडी माझीच होती.

पुढचे दिवस आप्पा ओट्यावर बसून नुसते सुलतानाकडं बघत राहिले. पंकजाचा फोन आला, घोडी माजावर आली आहे, चार-पाच दिवसांच्या वर माज राहणार नाही आणि पाऊस पडला की धनगर पालं उचलून जातील. आप्पा म्हणाले, बघू. दुसऱ्या दिवशी फोन आला. आप्पा म्हणाले, बघू. तिसऱ्या दिवशी काकूंनी फोन घेतला, ऐकून ठेवला आणि चुलीपुढून उठल्या.

मी बघत होतो. त्यांनी पदर खोचला, सुलतानाचा दोर सोडला आणि त्याला गल्ली ओलांडून माझ्या पिकअपपाशी आणलं. उभ्या आयुष्यात त्यांनी त्या घोड्याला हात लावला नव्हता, फक्त दाणे भिजवले होते. सुलतान त्यांच्या मागं मुकाट्यानं आला.

"परमेश्वर, फळी लाव," त्या म्हणाल्या.

"काकू, आप्पा?"

"त्यांना बसू दे ओट्यावर. रीत त्यांच्या आजाची हाय, माझ्या आजाची न्हाई. मी जाते घेऊन."

आम्ही घोडा चढवला. दोर बांधून गाडी सुरू केली तेव्हा आप्पा अनवाणी पळत आले. वाटलं, आता तमाशा होणार. त्यांनी दार उघडलं, काकूंना आत सरकवलं आणि बसले. "त्याला धक्के लागू देऊ नको," एवढंच मला म्हणाले.

वाटेतून काकूंनी पंकजाला फोन केला होता. येलदरीला पोचलो तर ती आधीच आली होती आणि केशरबाईनं आजूबाजूच्या सगळ्या पालांतली माणसं बोलावून ठेवली होती. बाया, म्हातारे, कडेवरची पोरं. आप्पांनी स्वतः दोर धरून सुलतानाला खाली उतरवलं आणि सगळ्यांच्या मधून चालवत पालापुढं नेलं. त्यांची मान खाली होती. खरं सांगतो, इतके दिवस मी त्यांच्यावर चिडलो होतो, पण त्या वेळी मी गाडीची फळी उचलायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

केशरबाई म्हणाली, "आता घोडीबद्दल बोलणं करून घिऊ. झालेलं शिंगरू कुणाचं?"

"तुमीच सांगा," आप्पा म्हणाले.

"नर झाला तर तुमचा. मादी झाली तर माझी. सगळ्यांदेखत बोला."

आप्पांचा चेहरा एकदम खुलला. इतका सोपा सौदा होईल असं त्यांना वाटलंच नव्हतं. पंकजानं त्यांचा सदरा मागून ओढला. "आप्पा, जरा थांबा. मी त्या दिवशी काय सांगितलं तुमाला? मादी..."

"मोठ्याच्या बोलण्यात पडू नको," आप्पा म्हणाले आणि केशरबाईपुढं हात केला. "बरं. नर माझा, मादी तुमची. झालं बोलणं."

पंकजानं कपाळावर हात मारला. मी काकूंकडं बघितलं. त्या घोडीच्या तोंडावरून हात फिरवत उभ्या होत्या, त्या भोवऱ्यावरूनच, आणि त्यांना जणू काही ऐकूच आलं नव्हतं. एवढं आण्या-आण्यांचं गणित ऐकूनही हा माणूस पुन्हा तेच करत होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. मला गाडीच्या टपावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

पहिल्यांदा सुलतानाचा मागचा पाय गाळात घसरला. लोक हसले. आप्पांनी सगळ्यांना दूर सारलं, घोड्याच्या कानापाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटले आणि घोडीला कोरड्या उंचवट्यावर घ्यायला सांगितलं. दुसऱ्या वेळी काम झालं. मग केशरबाईनं आम्हाला बसा म्हटलं आणि मेंढीच्या दुधाचा चहा दिला. आप्पा बशीत ओतून पीत होते आणि आपल्या होणाऱ्या नराचं नाव काय ठेवायचं ते मला विचारत होते.

त्या वर्षी पाऊस लांबला आणि मग पडला तो सोयाबीन कुजेपर्यंत पडला. पंकजानं तांबडी गाभण असल्याची खात्री करून दिली. सुलतान कार्तिकात गेला, उभ्याचा खाली बसला तो उठलाच नाही. आप्पांनी आमच्या बांधाशेजारी खड्डा खणून त्याला पुरलं. त्यांच्या डोळ्यात पाणी होतं, पण बोलणं ताठच. म्हणाले, "चैत्रात दुसरा यायलाय." गव्हाण त्यांनी शेणानं सारवून घेतली, खरारा तेल लावून ठेवला. काकूंनी न सांगता हरभऱ्याचं एक पोतं बाजूला काढलं.

चैत्रात पंकजाचा फोन आला. आप्पांनी फोन कानाला लावला, ऐकलं आणि तसाच माझ्या हातात दिला. "मादी झाली, परमेश्वरदादा," पंकजा म्हणत होती. "घोडी बरी हाय. शिंगरूबी धड हाय."

आम्ही तिघं गेलो. पाणी सरकून गेलेल्या त्याच गाळावर तांबडी उभी होती आणि तिच्या पायाशी ते पिल्लू. लांब लांब पाय, रंग काळपट, पण डोळ्यांभोवती पांढरे केस, म्हणजे मोठेपणी पांढरं होणारं. नाकाचं हाड आत वळलेलं. आम्हाला बघून ते बिथरलं आणि शेपटी उभी करून मेंढ्यांमधून असं पळालं की पाय भुईला लागत नव्हते. ते जमरूतचंच रूप आहे, हे कुणाला सांगायची गरज नव्हती. आप्पा दोन पावलं पुढं झाले.

"केशरबाई," ते म्हणाले, "ही मला द्या. काय मागाल ते देतो. माझं रान मागा."

"बोलणं काय झालतं?"

"झालतं. पण तव्हा मला..."

"तुमी सोता हात पुढं केलाव, आप्पा. चार लोकांत. मी न्हाई केला." केशरबाईचा आवाज चढला नव्हता. तिनं पळून परत आलेल्या शिंगराला जवळ ओढलं. "तुमच्या दारातून पहिली घोडी आमच्याकडं आली तव्हापासून आमी तिच्या वाणाची एकबी लेक कुणाला दिली न्हाई. ही का म्हणून दिऊ?"

"मग माझं काय राहिलं?"

केशरबाईनं शिंगरू तांबडीपाशी सोडलं. म्हणाली, "बघायला येत जावा. अन् कळप औंदा तुमच्या शिवारात बसवीन म्हणते."

माझ्या रानाचं भलं झालं, पण मला आनंद दाखवता येईना. आप्पा गाडीकडं चालायला लागले. काकू मात्र मागंच थांबल्या. ओटीत बांधून आणलेला भिजका हरभरा त्यांनी तांबडीला ओंजळीनं चारला आणि मग सावकाश येऊन मधल्या जागेवर बसल्या. येलदरीचा घाट चढून गाडी सपाटीला लागली तेव्हा आप्पा म्हणाले, "सगळं गेलं. पाऊणशे वर्सं राखलं अन् एका बोलण्यात गेलं."

"गेलं कुठं?" काकू म्हणाल्या. "मायपाशी हाय ती. आपल्या दारात झाली असती तर तुमी कवाच कुणाला तरी देऊन टाकली असती."

आप्पांनी काकूंकडं बघितलं. मग त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि जिंतूर येईपर्यंत बाहेर बघत राहिले.